एक ठेवला, बाकीचे पुसले

सूर. मागं नळ.

कुणीतरी ट्रम्पेट तोंडाला लावतो आणि एकच सूर धरतो, छातीत हवा असेल तोवर. मागं नळ गळतोय. टप. टप. त्याला सुराशी काही देणंघेणं नाही. सूर संपतो, नळ चालूच. मग टक् आवाज. रेकॉर्डिंग बंद.

हे आता कुठल्याही फोनमध्ये नाही. फुंक्याच्या डोक्यात आहे, तेवढंच.


आधी फुंक्या

फुंक्या हा शाळेच्या बँडमधला ट्रम्पेटवाला. हजेरीपटावर त्याचं नाव वेगळं होतं, पण हजेरी घेणाऱ्या सरांच्या तोंडीसुद्धा घाईत फुंक्याच यायचं आणि फुंक्याही मुकाट हजर म्हणायचा. कान तिखट. वर्गात मागच्या बाकावर कुणी गोळीचा कागद उलगडला तरी कुणी उलगडला ते तो न वळता सांगायचा, त्यामुळे शिक्षकांचा लाडका आणि मागच्या बाकांचा नावडता.

त्याचा जोडीदार ढब्बू. बँडमधला सर्वांत मोठा ढोल त्याच्याकडे होता, कारण तो दुसऱ्या कुणाच्या पोटावर टेकत नव्हता. हे त्याचंच स्पष्टीकरण.

शाळा मुलांची. नियम कडक. सकाळी फाटकातून आत आलं की फोन ऑफिसच्या कपाटात जमा करायचा, तो सुटताना परत. आणि शनिवारचे शेवटचे दोन तास समाजसेवेचे. कुणी दवाखान्याची बाग साफ करायचं, कुणी वाचनालयात पुस्तकं लावायचं. फुंक्या-ढब्बूच्या गटाकडे फोनचं काम होतं. शाळेभोवतीच्या गल्ल्यांमध्ये एकटी राहणारी म्हातारी माणसं, त्यांच्या घरी जायचं, अक्षरं मोठी करून द्यायची, फसवणुकीचे नंबर बंद करायचे, फोन तुंबला असेल तर मोकळा करायचा. ज्यांचे फोन सकाळी काढून घेतात त्यांनाच दुपारी दुसऱ्यांचे फोन दुरुस्त करायला पाठवतात, हा विनोद ढब्बू दर शनिवारी नवा असल्यासारखा करायचा.

गळ्यात एक कार्ड असायचं. त्यावर शाळेनं छापलेलं:

विचारल्याशिवाय उघडू नये.
विचारल्याशिवाय पुसू नये.
दुसऱ्याच्या फोनवर हसू नये.
काम अर्धवट सोडू नये.

फुंक्यानं यातला एकही नियम मोडला नाही. हे आत्ताच सांगून ठेवायला हवं.


बँडच्या खोलीतली पद्धत

बँडच्या खोलीत एक टॅबलेट होता, सगळ्यांत मिळून एक. रोज सकाळी प्रत्येकानं एक लांब सूर धरायचा आणि तो त्यात साठवायचा. एकच सूर. चाल नाही, गाणं नाही, नुसती हवा किती पुरते आणि किती सरळ जाते एवढंच. शुक्रवारी मास्तर सगळ्यांना गोल बसवायचे. आठवड्याचे सूर ऐकायचे, सर्वांत चांगला एक ठेवायचा, बाकीचे ज्याचे त्यानं स्वतःच्या बोटानं पुसायचे. टॅबलेटमध्ये जागा कमी, हे एक कारण. दुसरं मास्तरांचं स्वतःचं. ते म्हणायचे, आपल्या चुका जपून ठेवणारा माणूस वाजवायचं सोडून कुरवाळत बसतो.

मुलांना शुक्रवार आवडायचा. फुटलेले, थरथरलेले, मध्येच शिंक आलेले सूर बोट टेकलं की गेले. सोमवारी पाटी कोरी. फुंक्या तर यात पटाईत होता. दोन सेकंद ऐकलं की त्याला कळायचं, हा राहणार की जाणार.


तो शनिवार

गल्लीच्या टोकाला एक आजी राहायच्या. पुढच्या खोलीत शिवणाचं यंत्र, मागच्या खोलीत संसार. नवीन कपडे त्या शिवत नसत. उंची कमी करणं, कंबर सैल करणं, चेन बदलणं, उसवलेलं धरणं, अशी डागडुजीची कामं. त्या दिवशी एक गिऱ्हाईक पडद्यामागं नुसत्या शर्टावर बसलेलं होतं, कारण त्याच्या पँटची चेन ऐन रस्त्यात दगा देऊन गेली होती. तो आतून मधून मधून विचारायचा, आजी, आज होईल ना, का इथंच मुक्काम करू? आजींच्या ओठांत टाचण्या. त्या नुसत्या हुंकार द्यायच्या.

फोनची तक्रार साधी होती. जागा भरली म्हणून भाचीच्या बाळाचा फोटो येत नव्हता. ढब्बूनं सकाळच्या शुभेच्छांची चित्रं शोधून काढली, फुलंच फुलं, ढिगानं. काढू का म्हणून त्यानं विचारलं. आजींनी टाचण्या हातावर घेतल्या आणि म्हणाल्या, काढ बाबा, एवढी बाग आहे आणि एकालाही वास नाही.

फुंक्याला सापडला तो वेगळा कप्पा होता. आवाजांचा. शंभराच्या वर रेकॉर्डिंगं, नावं नाहीत, नुसते फोननं दिलेले आकडे. हा कप्पा उघडू का म्हणून त्यानं विचारलं, आजींचा हुंकार आल्यावर इअरफोन घालून एक लावून बघितलं आणि त्याचे कान उभे राहिले. ट्रम्पेट. लांब सूर. दुसरं लावलं. ट्रम्पेट, तोच सूर. तिसरं. तोच.

काढायच्या आधी त्यानं पुन्हा विचारलं. कार्डावर होतं म्हणून नव्हे, सवयीनं. म्हणाला, आजी, यात एकसारखंच पुष्कळ साठलंय, जास्तीचं काढू?

आजींच्या ओठांत पुन्हा टाचण्या होत्या. पडद्यामागचा माणूस तेवढ्यात काहीतरी बोलत होता. फुलांचंच चाललंय असं त्यांना वाटलं. त्यांनी मान हलवली आणि हातानं खूण केली, काढ, काढ.

मग फुंक्या कोपऱ्यातल्या स्टुलावर कानातले इअरफोन तसेच ठेवून बसला आणि त्यानं ते काम केलं, जे त्या गावात दुसऱ्या कुणीही केलं नसतं. दुसरा मुलगा असता तर त्यानं सगळं एकदम पुसलं असतं नाहीतर सगळं तसंच ठेवलं असतं. फुंक्यानं निवड केली. आधी लांबीप्रमाणे लावून घेतलं. प्रत्येक सुराची सुरुवात ऐकली, बरे वाटले ते पूर्ण ऐकले. मागं आवाज असलेले गेले. कुत्रा भुंकलेला गेला. शेवटी हसलेला गेला. थरथरलेले, तुटलेले, आखूड गेले. काहींत तर सूरच नव्हता, नुसती हवा सोडल्यासारखा फस्स आवाज. रिकामी म्हणून तीही गेली. राहिला एक. सरळ, स्वच्छ, मागं पूर्ण शांतता. त्याला त्यानं नाव दिलं: सर्वांत चांगला.

आणि काम अर्धवट सोडू नये म्हणून त्यानं फोनची कचरापेटीसुद्धा रिकामी केली.

आजी खूश झाल्या. बाळाचा फोटो आला. त्या खुशीत त्यांनी ढब्बूचा फाटका खिसा तिथल्या तिथं शिवून दिला आणि पडद्यामागचा माणूस म्हणाला, वा, माझ्या आधी खिशाचा नंबर.


सूर. मागं कुत्रा.

सूर सुरू झाल्यावर कुत्रा रडायला लागतो. वाजवणारा थांबत नाही. दोघं एकाच उंचीवर येतात, क्षणभर. मग कुत्रा वर जातो. वाजवणाऱ्याला हसू आवरत नाही आणि सूर नाकातून फुटतो.

शुक्रवारच्या हिशेबात हा कधीच टिकला नसता.


पुढचा शनिवार

दार उघडं होतं. यंत्र बंद होतं. आजी स्टुलावर बसल्या होत्या, फोन मांडीवर.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं फुंक्याला नंतर पुष्कळ दिवस वाटत राहिलं. त्यांनी फक्त विचारलं, "बाळा, बाकीचे कुठं ठेवलेस?"

कुठं ठेवलेस. आपलं सामान या मुलानं दुसऱ्या फडताळात लावून ठेवलंय आणि आपल्याला ते दिसत नाहीये, इतकंच, असं त्यांनी आठवडाभर धरून ठेवलं होतं. शाळेत जाऊन विचारावं असं त्यांच्या मनात आलं होतं, पण मुलांना उगाच बोलणी बसतील म्हणून त्या गेल्या नाहीत.

फुंक्या म्हणाला, पुसले. एकसारखे होते म्हणून. सर्वांत चांगला ठेवलाय.

आजी त्याच्याकडे बघत राहिल्या. मग ढब्बूकडे बघितलं, जणू तो काही वेगळं सांगेल. ढब्बू आपल्या शिवलेल्या खिशाकडे बघत होता.

मग कळलं ते असं. ते सूर त्यांच्या मुलाचे होते. एकुलता एक. याच शाळेतला, याच बँडमधला. पुढं तो लांबच्या शहरात दगड कापायच्या कारखान्यात लागला. फोनवर बोलायचं म्हटलं की त्याच्या अंगावर काटा यायचा, काय सांगू, जेवलो, झोपलो, आणखी काय. आजींनी एकदा चिडून सांगितलं, बोलू नकोस मेल्या, पण आहेस एवढं तरी रोज कळव. तेव्हापासून तो रोज सकाळी कामावर जायच्या आधी एक सूर पाठवायचा. आहे. म्हणजे काय, आहे. तो गेला त्याला वर्ष होऊन गेलं. आजी सकाळी यंत्रात दोरा ओवताना त्यातला कुठलाही एक लावायच्या. हाताला येईल तो.

आणि एक त्यांनी पूर्ण ऐकला नव्हता. शेवटचा. तो आला त्याच दिवशी दुपारी दवाखान्यातून फोन आला होता. तेव्हापासून तो त्यांनी तसाच ठेवला होता. कधीतरी धीर होईल, तेव्हा ऐकू, म्हणून.

फुंक्याला त्या खोलीत श्वास घ्यायला जड झालं. ट्रम्पेटवाल्याला, म्हणजे बघा.


दुकान

आजींनी त्या दिवशी दाराला कडी घातली आणि तिघं फोनदुरुस्तीच्या दुकानात गेली. दुकानदारानं फोन तारेनं कॉम्प्युटरला जोडला. पडद्यावर बारीक अक्षरं धावत राहिली. आजी काउंटरच्या कडेला दोन्ही हात धरून उभ्या होत्या, रांगेत पुढं जागा मिळावी म्हणून उभं राहतात तशा.

पोराचा जुना फोन आहे का, त्यानं विचारलं. नव्हता. खोलीतल्या सोबत्यानं तो नीट साफ करून कुणाला तरी देऊन टाकला होता. तुमचा आधीचा फोन? तो पाण्यात पडून गेला. पडण्याआधी पुतण्यानं त्यातले आवाज तेवढे या फोनवर उतरवून दिले होते, म्हणून तर होते.

बऱ्याच वेळानं दुकानदारानं तार काढली. "हा कुणी साफ केला हो? काम एकदम चोख आहे. आमच्या हातूनसुद्धा काहीतरी मागं राहतं."

त्याला बिचाऱ्याला काय माहीत. तो कौतुकच करत होता.

परत येताना रस्ता ओलांडायचा होता. आजींनी सवयीनं हात पुढं केला आणि जो जवळ होता त्याचा धरला. फुंक्या जवळ होता.


मास्तर

सोमवारी त्यानं बँडच्या खोलीत मास्तरांना सांगितलं. सांगताना चुकत होता, मागं जात होता, पुन्हा सुरू करत होता. मास्तर ट्रम्पेटचं तोंड फडक्यानं पुसत होते. ते पुसून झालं तरी पुसतच राहिले.

त्यांना आजींचा मुलगा आठवत होता. दम कमी पडायचा म्हणून त्यांनी त्याला मागच्या रांगेत बसवला होता, आणि वर्षअखेरीच्या कार्यक्रमात वाजवल्यासारखं कर, वाजवू नकोस, असं सांगितलं होतं. शाळेकडे त्याचं काही असेल का, फुंक्यानं विचारलं. शुक्रवारी एक तर ठेवायचो ना आपण. मास्तर म्हणाले, वर्ष संपलं की तेही पुसतो. नव्या मुलांना जागा लागते.

आणि ते शेवटी शेवटी आखूड झालेले सूर, फुंक्या म्हणाला. मला वाटलं, आळशी झालाय.

"दगडाची धूळ असते त्या कारखान्यात," मास्तर म्हणाले. "छातीत बसते. मग हवा मावत नाही."

 फुंक्याच्या कानात तो फस्स आवाज पुन्हा वाजला. सूर नसलेला. रिकामं म्हणून त्यानं काढलेलं ते. ट्रम्पेटच होतं. फुंकणारा फुंकत होता आणि सूर निघत नव्हता.

त्या संध्याकाळी मास्तर आजींकडे जाऊन आले. काय बोलणं झालं ते कुणाला कळलं नाही. पुढच्या शुक्रवारी त्यांनी मुलांना गोल बसवलं, सूर ऐकवले, आणि पुसायची वेळ आली तेव्हा म्हणाले, आज राहू द्या. त्याच्या पुढच्या शुक्रवारी टॅबलेटमधली जागा भरली. मग पुन्हा पुसायला लागले. दुसरं करणार काय.


सांगणं

शाळेनं फुंक्याला शनिवारच्या कामासाठी दुसरं घर देऊ केलं. त्यानं नको म्हटलं. शनिवारी तो आजींच्या दारात गेला, एकटाच, ढब्बू कोपऱ्यावर थांबला. हातात ट्रम्पेटची पेटी होती. म्हणाला, मी वाजवतो तो सूर. तसाच येतो मला.

आजींनी त्याला आत घेतलं, बसवलं. पेटीकडे बघून मान हलवली. म्हणाल्या, "तू वाजवशील तो तुझा असेल रे. मला माझ्याचा पाहिजे."

मग यंत्राखाली कापड सारत त्यांनी विचारलं, तू ऐकलेस ना सगळे, पुसायच्या आधी? मग सांग. मला एकटीला आता सगळे नीट आठवत नाहीत.

म्हणून तो सांगायला लागला.


सूर. मागं शेजारी.

भिंतीवर कुणीतरी मूठ आपटतं. बंद कर रे. वाजवणारा सूर तसाच धरून भिंतीजवळ जातो, आवाज मोठा होतो, म्हणजे भिंतीला लावूनच वाजवतोय. पलीकडून शिवी. बाहेर पावलं. दार.

आजी हसल्या. म्हणाल्या, हट्टी. लहानपणी दूध नको म्हणाला की नको.


सूर. मागं जिना.

उशीर झालाय. जिना उतरता उतरता वाजवतोय, प्रत्येक पायरीला सूर हिंदकळतो.

हो, हो, आजी म्हणाल्या, हा होता. हा मी विसरले होते. तू जिना म्हणालास आणि मला पायऱ्या ऐकू आल्या.

असे बरेच शनिवार गेले. आजी काज करायच्या, टाके उसवायच्या, फुंक्या सांगायचा. गिऱ्हाईक आलं तर थांबायचा. ढब्बू आधी कोपऱ्यावर, मग पायरीवर, मग आत येऊन बटणांचा डबा रंगाप्रमाणे लावायला लागला. कधी कधी तिघंही हसायचे. कुत्र्याचा आजींनी दोनदा मागून घेतला.

पण फुंक्याला एक माहीत होतं. एक ना एक दिवस आजी शेवटच्याबद्दल विचारणार होत्या. म्हणून तो आठवतील तेवढे पुढं करत राहिला. संपू नयेत म्हणून. एकाचे दोन करायला लागला. नळाचा थोडा जिन्यात, जिन्याचा थोडा भिंतीत. घरी जेवताना त्याचा घास थांबायचा, मागच्या खोलीतल्या भांड्याचा आवाज तो त्या सुरामागं लावून बघायचा, बसतो का. आई म्हणायची, जेवताना कान कुठं ठेवून आलास?


सूर. मागं सायकलची घंटा.

हा सांगून झाल्यावर आजींचं यंत्र थांबलं. त्या म्हणाल्या, घंटा कुठल्यातच नव्हती.

फुंक्या म्हणाला, असेल. मला आठवतंय.

"नाही रे बाळा." आवाज चढला नव्हता. "नसलेलं घालू नकोस. असलेलं आधीच कमी आहे."

ढब्बूनं बटणांचा डबा बंद केला आणि उगाच पुन्हा उघडला.


शेवटचा

त्यानंतरच्या शनिवारी ढब्बू सर्दीनं घरी होता. गिऱ्हाईक नव्हतं. आजी एका लांब पडद्याची दुमड घालत होत्या. खोलीत पडद्याचं कापडच कापड, फुंक्याच्या पायांवरसुद्धा.

आजींनी यंत्र चालवता चालवताच विचारलं. मान वर केली नाही. म्हणाल्या, तो सगळ्यांत लांब होता. बाकीचे आखूड होत गेले आणि हा एकदम लांब. आकड्यावरून दिसायचं. मी उघडला होता एकदा. नुसती हवा होती. मी बंद केला. पुढं काहीतरी असेल, म्हणून ठेवला होता. तू ऐकलास ना रे तो? पुढं काय होतं?

फुंक्याला तो पक्का आठवत होता. लांबीप्रमाणे लावल्यावर सर्वांत वर आलेला तोच. लांब सूर म्हणून आधी त्यालाच मान मिळायला हवा होता. त्यानं तो लावला होता, फस्स, दोन सेकंद, आणि रिकामा म्हणून काढला होता. त्या मानानं कुत्र्याच्या सुराला त्यानं पूर्ण वेळ दिला होता.

त्याच्या जिभेवर एक शब्द आला. एकच, दोन अक्षरांचा. आई. एवढा म्हटला असता तर काय बिघडणार होतं? बोलता न येणारा मुलगासुद्धा शेवटी एवढं म्हणाला असेल. म्हणाला असेलच. म्हटलाय, असं सांगितलं तर ते खोटंही ठरलं नसतं कदाचित. आणि आजींचं यंत्र त्या शब्दावर आयुष्यभर चाललं असतं.

असेल. नसेल. कदाचित तो लांब झाला होता तो नुसता फोन बंद करायचं राहिलं म्हणून. कदाचित नर्सनं काही विचारलं असेल आणि यानं उत्तर दिलं असेल. कदाचित पुढं सूर निघालाही असेल, शेवटी, एक, सरळ.

"मी पूर्ण ऐकला नाही, आजी," फुंक्या म्हणाला. "तुम्ही ऐकलात तेवढाच. मग काढला."

यंत्र चालू राहिलं. कापड पुढं सरकत राहिलं.

"म्हणजे कुणीच नाही," आजी म्हणाल्या.

"नाही."

"मी पण तिथंच थांबले. भीती वाटली म्हणून. तुला घाई होती." मग जरा वेळानं, जणू दुसऱ्या कुणाबद्दल बोलताहेत अशा, म्हणाल्या, बोलला असेल बिचारा, आणि आपण दोघांनी मिळून दार लावलं.

फुंक्या रडला नाही. त्याला रडायचा हक्क नाही असं वाटत होतं. त्यानं पायांवरचं कापड उचलून धरलं, जमिनीला लागू नये म्हणून, आणि दोन्ही हातांनी हळूहळू यंत्राकडे देत राहिला.

तेव्हा त्याला ऐकू आलं. सुई खाली जात होती, वर येत होती, पण आवाज बदलला होता. हलका झाला होता, कोरडा. दोरा संपला होता. कधी संपला कुणास ठाऊक. आजी बिनदोऱ्याचंच शिवत होत्या, कापडात नुसती बारीक भोकं पडत चालली होती, सरळ, एका ओळीत, अगदी सफाईनं.

सांगावं असं त्याच्या ओठांवर आलं. सांगितलं नाही. पडद्याचं बरंच कापड अजून त्याच्या हातात होतं. ते तो देत राहिला, आणि त्या शिवत राहिल्या.